एकच गोष्ट हलू द्या

टेबलावर मातीचा एक बाहुला ठेवा आणि त्याचा फोटो काढा. बाहुला किंचित पुढे सरकवा, पुन्हा फोटो काढा. असे शंभर-सव्वाशे फोटो जमले की ते भराभर एकापाठोपाठ दाखवा. बाहुला आपण होऊन टेबलावरून चालत निघालेला दिसेल. निर्जीव वस्तूंना अशा रीतीने चालते करण्याच्या तंत्राला स्टॉप मोशन ॲनिमेशन म्हणतात. फिल्मच्या काळात यासाठी एकेक चौकट टिपणारा कॅमेरा लागे, रीळ धुऊन आणावे लागे आणि काय बिघडले ते कळायला कित्येक दिवस जात. आज खिशातल्या मोबाइल फोनवर हे काम होते आणि बिघाड तिथल्या तिथे दिसतो. त्यामुळे स्वयंपाकघराच्या ओट्यावर, अभ्यासाच्या टेबलावर किंवा वर्गातल्या बाकावर अशा छोट्या फिल्मा करणारे हौशी लोक आता सर्वत्र भेटतात.

या मंडळींशी बोलताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. बाहुली कशी करावी, गोष्ट कोणती घ्यावी, हे ती फारसे विचारत नाहीत. त्यांचे प्रश्न असतात कॅमेऱ्याचे. चित्र मध्येच उजळ आणि मध्येच काळपट का होते? पांढरी भिंत अचानक पिवळट का दिसू लागली? चालतो आहे बाहुला, मग मागचे कागदाचे झाड का थरथरते? आणि शेवटी हमखास येणारा प्रश्न म्हणजे, महागडा कॅमेरा घेतला तर हे सगळे थांबेल का?

महागड्या कॅमेऱ्याने हे थांबत नाही; कधी कधी वाढतेसुद्धा. या सगळ्या तक्रारींचे मूळ एकच आहे आणि ते विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचे आहे. ते समजून घेण्यासाठी आधी चित्र हलते म्हणजे काय होते, ते पाहू.

हालचाल कुठे असते?

हा प्रश्न विचारला की बहुतेक पुस्तकांत 'दृष्टिसातत्य' हे उत्तर मिळते. डोळ्यात उमटलेली प्रतिमा क्षणभर, सुमारे सेकंदाच्या सोळाव्या भागाइतकी, टिकून राहते. तेवढ्यात पुढची प्रतिमा येते आणि दोन्ही जोडल्या जातात, असे ते स्पष्टीकरण. थोडा विचार केला तर ते अपुरे आहे हे लक्षात येते. पहिली प्रतिमा पुसली जाण्याआधीच दुसरी तिच्यावर उमटली तर काय दिसेल? एकाच कागदावर दोनदा छापलेल्या चित्रासारखा गोंधळ दिसेल. चालणारा बाहुला काही दिसणार नाही.

माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने फ्रँकफुर्ट येथे केलेले प्रयोग १९१२ साली प्रसिद्ध झाले. त्याने वेगवेगळ्या जागी असलेल्या दोन रेषा एकीमागून एक दाखवल्या आणि मधला काळ बदलत नेला. हा काळ सुमारे २०० सहस्रांश सेकंद असला की पाहणाऱ्याला आधी एक रेष, मग दुसरी रेष दिसे. तो ३० सहस्रांश सेकंदांपर्यंत कमी केला की दोन्ही रेषा एकदमच दिसत. मात्र ६० सहस्रांश सेकंदांच्या आसपास पाहणारे सांगत की, एकच रेष इथून तिथे गेली. मधल्या जागेत तर काहीच दाखवलेले नव्हते! म्हणजे ही हालचाल पडद्यावर नव्हती आणि डोळ्यात रेंगाळणाऱ्या प्रतिमेतही नव्हती. ती मेंदूने रचलेली होती.

हौशी लोक बहुधा सेकंदाला १२ चौकटी वापरतात. म्हणजे एका चौकटीपासून पुढच्या चौकटीपर्यंत सुमारे ८३ सहस्रांश सेकंद जातात. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात, पण स्टॉप मोशनचे व्यावसायिकही पुष्कळदा बाहुलीची एकच स्थिती लागोपाठ दोन चौकटींत ठेवून १२ वर काम भागवतात. सेकंदाला ५ चौकटी दाखवल्या की मधले अंतर २०० सहस्रांश सेकंद होते आणि चालणारा बाहुला उड्या मारू लागतो.

आता यातली महत्त्वाची बाब पाहा. दोन चौकटींत जो काही फरक असेल, त्याचा मेंदू काहीतरी अर्थ लावतोच. त्यातला कोणता फरक आपण मुद्दाम केला आणि कोणता चुकून झाला, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. बाहुला ५ मिलिमीटर सरकला तर तो 'चालला'. त्याच वेळी कॅमेरा एक मिलिमीटर सरकला असेल तर अख्खी खोली 'हलली', आणि प्रकाश थोडा कमी झाला असेल तर 'ढग आला'. १९३३ च्या 'किंग काँग' चित्रपटात वानराच्या अंगावरचे केस सारखे वळवळताना दिसतात. तो वानर म्हणजे केसाळ कातडे चढवलेला छोटा पुतळा होता. दर चौकटीला तो हलवणाऱ्याच्या बोटांनी केस दबत आणि तेही पडद्यावर 'हालचाल' म्हणून उमटे.

तेव्हा नियम असा ठरतो: जे हलवायचे आहे तेवढेच हलले पाहिजे, बाकी सगळे होते तसेच राहिले पाहिजे. प्रयोगशाळेत आपण यालाच 'इतर घटक स्थिर ठेवणे' म्हणतो.

फाळक्यांचा वाटाणा

वेर्थायमरचे काम प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, १९१२ मध्ये, मुंबईत दादासाहेब फाळके कुंडीतल्या वाटाण्यासमोर कॅमेरा लावून बसले होते. 'राजा हरिश्चंद्र' काढण्यासाठी भांडवल हवे होते. आपल्याला हे तंत्र येते हे पैसे देणाऱ्याला पटवण्यासाठी त्यांनी 'अंकुराची वाढ' ही फिल्म केली. बी रुजते, कोंब वर येतो, वेल वाढतो, हे सारे भराभर घडताना तिच्यात दिसे. पुढे १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' या फिल्ममध्ये आगकाड्यांना नाचवले. आपल्याकडचा स्टॉप मोशनचा आरंभ असा कुंडीपासून आणि काडेपेटीपासून झालेला आहे.

वाटाण्याची गोष्ट सांगताना बहुतेक ठिकाणी म्हटलेले असते की, महिनाभराहून अधिक काळ रोज एक चौकट घेतली आणि मिनिटाहून थोडी मोठी फिल्म तयार झाली. ही दोन विधाने वर्गात फळ्यावर लिहा आणि मुलांना हिशोब करू द्या. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चौकटी दाखवत. रोज एक याप्रमाणे महिन्याच्या ३० चौकटी झाल्या. त्या दोन सेकंदही पुरत नाहीत! एका मिनिटाला ६० गुणिले १६, म्हणजे ९६० चौकटी लागतात. त्या ३० दिवसांत घ्यायच्या तर दिवसाला ३२, म्हणजे रात्रंदिवस दर ४५ मिनिटांनी एक. गोष्ट सांगताना कुठेतरी सोपी झालेली आहे, हे गुणाकारानेच उघड होते. फाळक्यांचे कष्ट त्यामुळे कमी ठरत नाहीत, उलट बरेच वाढतात.

इथे झाड आपले आपण वाढत होते, बाहुल्यासारखे कोणी ते सरकवत नव्हते. पण अट तीच होती. महिनाभर कुंडी, कॅमेरा आणि प्रकाश जागच्या जागी राहिले, तरच वाढ तेवढी दिसणार.

मदत करणारा कॅमेरा

फाळक्यांच्या कॅमेऱ्याला स्वतःचे मत नव्हते. आपल्या फोनला असते. फोटो चांगला यावा म्हणून तो दर वेळी समोरचे दृश्य तपासतो आणि तीन निर्णय घेतो: प्रकाश किती घ्यायचा, पांढरा रंग कशाला म्हणायचे आणि भिंगाचा नेम कुठे धरायचा. एकट्या फोटोसाठी ही मदत उत्तम. पण शंभर फोटोंच्या मालिकेत दर वेळी नवा निर्णय म्हणजे शंभर वेळा बदललेली मोजपट्टी.

समजा, पांढऱ्या भिंतीसमोर काळा हत्ती चालत येतो आहे. तो जसजसा चौकटीत शिरतो, तसतसा दृश्याचा सरासरी उजेड कमी होतो. कॅमेऱ्याला वाटते, अंधार पडला. तो जास्त प्रकाश घेतो आणि भिंत अधिकच झगझगीत होते. हत्ती केशरी असेल तर रंगाचा तोल सावरायच्या नादात भिंत निळसर होते. भिंगाने नेम बदलला तर वस्तूचा आकारही किंचित लहानमोठा होतो आणि मागचे झाड थरथरू लागते. हौशी मंडळींच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

उपाय सोपा आहे: तिन्ही निर्णय पहिल्या फोटोआधी आपण घ्यायचे आणि बांधून टाकायचे. बऱ्याच फोनमध्ये पडद्यावर एका जागी बोट दाबून धरले की प्रकाश आणि नेम तिथेच कायम होतात. फोनमध्ये 'प्रो' किंवा 'मॅन्युअल' अशी सोय असेल तर रंगाचा तोलही ठरवता येतो. फोन सुरुवातीपासून चार्जरला जोडलेला असावा आणि फ्लाइट मोडवर असावा. मध्येच आलेल्या फोनने आजवर कित्येक फिल्मांचा घात केला आहे. फोटो काढताना पडद्याला बोट लावू नये. दोन सेकंदांचा टायमर लावावा. वायरच्या इयरफोनवरील आवाजाचे बटण दाबूनही पुष्कळ फोनमध्ये फोटो निघतो. ट्रायपॉड नसेल तर दोन विटांच्या मध्ये फोन घट्ट बसवला तरी चालतो. टेबलाच्या आणि ट्रायपॉडच्या पायांभोवती जमिनीवर खडूने खुणा कराव्यात. धक्का लागला तर निदान तो कळतो आणि पाय पुन्हा जागेवर ठेवता येतात.

मोठ्या कॅमेऱ्यांची आणखी एक खोड आहे. त्यांच्या भिंगातले छिद्र एरवी पूर्ण उघडे असते आणि फोटोच्या क्षणी ठरलेल्या आकाराइतके मिटते. पण दर वेळी ते अगदी तितकेच मिटत नाही. केसभर फरक राहतो. एका फोटोत तो कोणाला कळणार नाही, पण मालिकेत प्रकाशाची फडफड होते. २००५ साली आलेला 'कॉर्प्स ब्राइड' हा बाहुलीपट कॅननच्या डिजिटल कॅमेऱ्यांवर चित्रित झाला, पण त्यांना भिंगे लावली होती निकॉनची. त्या भिंगांचे छिद्र हाताने कडे फिरवून ठरवता येई आणि मग ते तिथेच राही. कॅननचीच भिंगे वापरणारे हौशी लोक छिद्र लहान करणारे बटण दाबून धरतात आणि भिंग जरासे फिरवून त्याचा विजेचा संपर्क तोडतात. छिद्र तसेच अडकून राहते. बहुतेक फोनच्या भिंगाचे छिद्र मुळातच स्थिर असते. ही भानगडच तिथे नाही. स्वस्त साधन इथे महागड्यापेक्षा सरस ठरते.

दिवा, ऊन आणि पांढरा शर्ट

कॅमेरा बांधला तरी प्रकाश बांधायचा राहतो. खिडकीतल्या सुंदर उजेडाचा मोह टाळावा. दहा सेकंदांच्या फिल्मला १२० चौकटी लागतात. एका चौकटीला दोन मिनिटे धरली तरी चार तास झाले. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. तेवढ्या वेळात सूर्य आकाशात ६० अंश पुढे गेलेला असतो. दहा सेकंदांच्या फिल्ममध्ये सावल्या घड्याळाच्या काट्यांसारख्या फिरतील. खिडकी बंद करून दिवा लावावा हे बरे.

पण दिवाही वाटतो तितका स्थिर नसतो. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे. एका आवर्तनात प्रवाह दोनदा शिखर गाठतो. म्हणून ट्यूबलाइट आणि साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या ५००व्या भागापुरती उघडली तर कधी शिखर सापडते, कधी दरी, आणि फोटो उजळ-काळपट होतात. झडप १/५० सेकंद उघडली तर तिच्यात नेमकी दोन शिखरे मावतात. ती कुठल्याही क्षणी उघडली तरी बेरीज तीच. १/२५ किंवा १/१० सेकंदही चालेल. १/६० मात्र चालणार नाही, कारण तिच्यात पावणेदोनच्या आसपास शिखरे येतात आणि बेरीज दर वेळी बदलते. शिवाय आपली वस्तू फोटोच्या वेळी हलत नसते. झडप अर्धा सेकंद उघडी ठेवली तरी चित्र पुसट होत नाही. म्हणून स्टॉप मोशनला प्रखर दिवे लागत नाहीत, स्थिर दिवे लागतात.

दिवा वस्तूलाही बदलतो. कीटकांची आवड असलेल्या लाडिस्लाव स्टारेविच याने १९१० साली कौनास येथे, आजच्या लिथुआनियात, शिंगाड्या भुंग्यांची झुंज चित्रित करायचे ठरवले. हे कीटक रात्री वावरणारे. दिवे लागले की ते लढेनात. अखेर त्याने मेलेल्या भुंग्यांच्या पायांना तारा लावून त्यांना चौकट-चौकट हलवले आणि जगातल्या पहिल्या बाहुलीपटांपैकी एक जन्मला. आपल्या घरात मेलेले भुंगे नसले तरी माती असते. शाडूची माती दिव्याखाली वाळून तडकते. तेलमिश्रित क्ले वाळत नाही, पण मे महिन्यात मऊ पडते आणि बाहुल्याची मान हळूहळू कलू लागते. पंखा लावावा तर कागदाची झाडे उडतात. म्हणून अनेक हौशी मंडळी भल्या पहाटे काम उरकतात.

आणखी एक प्रकाशस्रोत सर्वांच्या नजरेतून सुटतो. तो म्हणजे फोटो काढणारा स्वतः. अंगात पांढरा शर्ट असेल तर त्यावरून परावर्तित झालेला प्रकाश दृश्यावर पडतो. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे उभे राहिले की उजेड बदलतो. गडद कपडे घालावेत आणि दर फोटोला ठरलेल्या एकाच जागी उभे राहावे. निरीक्षक हाही प्रयोगाचा भाग असतो, हे इतक्या स्वस्तात क्वचितच शिकवता येते.

किती सरकवायचे?

आता राहिली ती एकमेव गोष्ट, जी हलवायची आहे. सेकंदाला १२ चौकटी म्हणजे आपल्याजवळ एक घड्याळ आले. दर चौकटीला बाहुला ५ मिलिमीटर सरकवला तर त्याचा वेग सेकंदाला ६ सेंटिमीटर. अंतर वाढवत नेले की त्वरण. मुलांनी आतापर्यंत सूत्रात घातलेले आकडे ती इथे पट्टीने मोजून देतात.

चेंडू पाडून पाहू. गतीच्या समीकरणाप्रमाणे पडणारी वस्तू पहिल्या बाराव्या भागात ३.४ सेंटिमीटर पडते. पुढच्यात १०.२, मग १७.०, २३.८, ३०.६ आणि ३७.४. या आकड्यांना ३.४ ने भागा: १, ३, ५, ७, ९, ११! विषम संख्यांचा हा नियम गॅलिलिओने सांगितला होता. मुलांना आधी अंदाजाने चेंडू पाडू द्यावा. ती बहुधा सारखी अंतरे ठेवतात आणि चेंडू लिफ्टमधून उतरल्यासारखा दिसतो. मग विषम संख्या वापराव्यात. तोच चेंडू 'पडू' लागतो. सूत्र बरोबर की चूक, याचा निकाल इथे मुलांचे डोळेच देतात.

बाहुल्याच्या बाबतीत एक गंमत आहे. १५ सेंटिमीटरचा बाहुला म्हणजे १५० सेंटिमीटरच्या माणसाची दहापट लहान प्रतिकृती. तो सव्वाबारा सेंटिमीटर उंचीच्या खोक्यावरून उडी मारतो. खरी वस्तू तेवढी उंची ०.१६ सेकंदात, म्हणजे दोन चौकटींत, पडेल. पण तसे केले तर तो खेळणे दिसतो. प्रेक्षक त्याला माणूस मानत असतो, आणि माणूस सव्वा मीटरवरून पडायला अर्धा सेकंद, म्हणजे सहा चौकटी घेतो. म्हणून वरचेच आकडे सेंटिमीटरऐवजी मिलिमीटर समजून घ्यायचे. उंची दहा पटींनी घटली तर पडण्याचा काळ दहाच्या वर्गमुळाने घटतो, एवढ्यावर नववी-दहावीचा एक तास रंगेल.

आधी काहीच हलवू नका

ज्या शाळेत प्रयोगशाळा नाही, तिथेही शिक्षकांकडे एखादा फोन असतो. तेवढ्यावर हा उपक्रम होऊ शकतो. पण आम्ही सुचवू की पहिल्या दिवशी बाहुला चालवूच नये. रसायनशास्त्रज्ञ नमुना घालण्याआधी 'कोरा' प्रयोग करतो, तशी आधी कोरी फिल्म करावी. टेबलावर वस्तू ठेवावी आणि तिला हात न लावता २४ फोटो काढावेत. मात्र दर फोटोनंतर हलवायला गेल्यासारखे टेबलाजवळ जावे आणि परत यावे. मग ते दोन सेकंद सर्वांनी मिळून पाहावेत. पहिला आणि शेवटचा फोटो आलटून पालटून पाहावा. काहीच हलवले नव्हते, तेव्हा जे हलताना दिसेल ती सगळी आपली त्रुटी.

शाळेतल्या बहुतेक प्रयोगांचे उत्तर आधीच ठाऊक असते. वाचन त्या उत्तराशी जुळले नाही तर मुले वहीतला आकडा जुळवून घेतात आणि आपणही पुष्कळदा तिकडे काणाडोळा करतो. 'इतर घटक स्थिर ठेवून' हे शब्द मग पाठ होतात, पण त्यांची गरज कधी जाणवत नाही. ही सवय मोठेपणी जात नाही. औषधाने गुण आला की हवा बदलल्याने, पीक खताने वाढले की पावसाने, हे प्रश्न विचारायचेच राहून जातात. कोऱ्या फिल्ममधली फडफड मात्र वहीत खोडता येत नाही. ती वर्गातल्या साठ मुलांना एकदम दिसते, आणि तिचे कारण कुठल्या पुस्तकात छापलेले नसते.

फळ्यावर संशयितांची यादी करावी: खिडकी, ट्यूबलाइट, पंखा, बाकाचा डुगडुगणारा पाय, फोनचा स्वतःचा निर्णय, कोणाचा तरी पांढरा गणवेश. एका वेळी एकच संशयित दूर करावा आणि कोरी फिल्म पुन्हा करावी. एकदम दोन दूर केले तर दोषी कोण ते कळणार नाही, हे मुले स्वतःच सांगू लागतील. २४ चौकटी अगदी दगडासारख्या स्थिर यायला कदाचित तीन-चार तास जातील. त्यानंतर बाहुल्याला पहिले पाऊल टाकू द्यावे.